वेलदोड्यासाठी

वोल्डा गावात सरकारी दारूचं दुकान एकच,
आणि गल्ल्यावर मी.
कोणाला शुक्रवारी काय लागतं,
कोणाचं सोमवारीच संपलेलं असतं,
सगळ्या गावाची तहान मला तोंडपाठ.
ब्र काढत नाही.

बोर्गहिल्ड यायची वर्षातून एकदा, ऑक्टोबरात,
मंगळवारी, प्रार्थनाघरातल्या बायका
विणकामाला बसल्या की.
साठ टक्क्यांची एक बाटली. पैसे घरूनच मोजून आणलेले.
“वेलदोड्यासाठी,”
मी काही विचारायच्या आधीच सांगायची.
“हो ना,” मी म्हणायचो.
बर्चखाली बसून दूध पितो म्हणणारे
पुष्कळ पाहिलेत मी.

अकरा वर्षं असंच चाललं.
मग तिचा गुडघा गेला, आणि फोन आला.

नऊ वर्षांत पहिल्यांदाच
मी स्वतःच्या पैशाने बाटली घेतली.
मागच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला,
आणि सात किलोमीटर
आरशात बघायचं टाळत गेलो.
एका बाजूला फ्योर्ड, दुसऱ्या बाजूला डोंगर,
वळायला जागा नाही.

तिचं स्वयंपाकघर म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या
जुन्या तपकिरी बाटल्यांची फळी.
पेन्सिलने लिहिलेलं: संत्र्याची साल, पांढरं काढून.
स्प्रूसचे कोंब, मे महिन्यातले.
काळ्या करंटची पानं. (हे फसलं.)
आणि वेलदोडा, वेलदोडा, वेलदोडा,
वर्षावार, बँकेच्या पासबुकासारखा.

“सोलायचा नाही,” ती म्हणाली, “नुसता चेचायचा.
सालीत निम्मा जीव असतो त्याचा.
दर रविवारी चर्चहून आल्यावर बाटली हलवायची.
घाई केलीस तर नुसती हिरवी दारू होते.”
गावातल्या प्रत्येक मयताच्या कॉफीबरोबर
बन तिचेच असतात.
म्हणजे दारूचं नाव न काढणाऱ्या प्रार्थनाघराने
इतकी वर्षं माझंच दुकान खाल्लं होतं!
मी हसलो. तीही हसली.
“भट्टीत उडून जाते रे ती. हा मात्र राहतो.
बघ, वास घे.”
तिने बूच काढलं.

मी मागे सरलो.
पाठ दारावर आपटली, कडी खणखणली.

ती बघत राहिली थोडा वेळ.
मग बूच लावलं, हात ॲप्रनला पुसले.
“किती वर्षं?”
“नऊ.”
“बरं,” ती म्हणाली. “बटाटे नेतोस का? खूप झालेत यंदा.”

फेब्रुवारीत तिचा नातू गल्ल्यावर
एक पुडकं ठेवून गेला.
आत बोटभर बाटली आणि चिठ्ठी:
‘औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं.
त्याला स्पिरिटचा जोर नाही.
स्टोव्हजवळ उबेला ठेवला, हलवत राहिले,
तरी चार महिने लागले.
फिका उतरलाय. राग मानू नकोस.’

वर पेन्सिलने माझं नाव, स्टाइनार,
आणि वर्ष.

त्या संध्याकाळी शटर ओढलं, दिवे मालवले,
आणि बाराशे बाटल्यांच्या मधोमध खोक्यावर बसून
थर्मासमधल्या कॉफीत तीन थेंब टाकले.

फिका आहे खरा.
चौथा टाकला.