तिसरी रेघ

बाकी कोणी हो म्हणेना, म्हणून हे काम
भूगोलाच्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडे आलं:
अकरावीच्या एकोणीस पोरांना
पुढं काय, ते विचारायचं.

फॉर्मवर तीन रेघा असतात.
पहिल्या रेघेवर पोरं आईबापाचं लिहितात,
दुसरीवर शेजारच्याच्या मुलाचं,
तिसरीपाशी येऊन पेन चावत बसतात.
मी तिसरीच आधी वाचते.

मार्च आहे. नारिन नदीच्या दोन्ही कडांना बर्फ,
मधे काळी फट, तिथून पाणी ऐकू येतं.
वर्गातल्या शेगडीत कोळसा धुमसतोय.
भिंतीवर मी चिकटवलेले कागद:
बिश्केकची वैद्यकीय अकादमी, वर्षाची फी.
ओशला शिक्षक व्हायचं तर किती गुण.
तुर्कस्तानची शिष्यवृत्ती, मुदत गेल्या आठवड्यात संपली,
तरी काढवत नाही.
वेल्डिंग, वीजजोडणी, स्वयंपाक: दहा महिने, वसतिगृह फुकट.
त्याखाली पेन्सिलीनं कुणीतरी:
मॉस्को. फी नाही. गुण नाहीत. फक्त तिकीट.
अक्षर ओळखते मी. खोडलं नाही.

तोलोगोनचा बाप आला होता, टोपी हातात धरून.
"डॉक्टर," म्हणाला,
दुकानात मीठ मागावं तसं.
तोलोगोन खिडकीबाहेर बघत होता,
शाळेच्या फाटकाकडे.
गेल्या थंडीत त्याची बिजागरी तुटली
ती यानंच जोडली. मी बोट फिरवून पाहिलंय,
सांधा हाताला लागत नाही.
हे बापाला कसं सांगायचं?
त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले.
उघडलं. लावलं. परत उघडलं.
"चांगलं फाटक आहे," म्हणाला,
आणि गेला.

बुरुलाईनं तिन्ही रेघांवर एकच लिहिलं:
पाणी मोजणं.
असा विषय नसतो गं, म्हटलं.
तिनं दप्तरातून वही काढली.
पुलाच्या खांबावर तिनंच मारलेल्या लाल खुणा,
दोन वर्षं, रोज शाळेला येता-जाता,
तारीख आणि किती बोटं.
मे महिन्यात पाणी रात्री चढतं, ती सांगत होती,
दिवसा वितळलेलं खाली यायला वेळ लागतो, एजे.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मीसुद्धा नाही.
मधली बारा पानं कोरी.
"गोवर झाला होता," म्हणाली. "खोटं कसं लिहू?"

मग म्हणाली, "तुम्ही काय लिहिलं होतं?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
जलविज्ञान, मी म्हटलं. फ्रुंझे.
पहिलं वर्ष संपायच्या आत शहराचं नाव बदललं,
दुसरं संपायच्या आत देश.
तिसऱ्या वर्षी मी बाजारात
लोकरीचे मोजे विकत होते,
आणि भाव मात्र चोख सांगत होते.
पाण्यात पडलं की पोहता येतं म्हणणाऱ्यांनी
नारिनमध्ये एकदा पाय घालून बघावा.
मी आपली काठाला लागले,
आता खडूनं नद्या काढते
आणि तास संपला की पुसते.

ती हसली नाही. बरं झालं.

चारच्या मिनीबसनं फॉर्म जायचे होते.
आम्ही नवा कोरा घेतला.
पहिल्या रेघेवर जलविज्ञान.
दुसरीवर पाटबंधाऱ्यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम,
फी कमी, ढोरं विकायला लागणार नाहीत.
शहराचं नाव तिनं पेननं लिहायला घेतलं.
पेन्सिलीनं लिही, म्हटलं,
शहरांचा काय भरवसा.
तिसरी रेघ तिनं मोकळी सोडली
आणि मी काही बोलले नाही.

तोलोगोनचा फॉर्म शेवटी आला,
बापाच्या सहीसकट. पहिल्या रेघेवर डॉक्टर.
दुसरीवर डॉक्टर.
तिसरीवर, बापाच्याच वाकड्या अक्षरात,
फाटक.

आज सकाळी पुलावर थांबले.
सप्टेंबरमध्ये ती गेली तर
हे कोण बघणार, असं मनात आलं.
वाकले. गुडघा कुरकुरला.
लाल खुणेच्या खाली, चार बोटं.
पिशवीत कागद नव्हता,
पावतीच्या मागे लिहिलं.