थांबा

डॉक्टर अथेन्सहून आलेली, आमच्या नातीएवढी.
कागदावर तिने लिहिलं: व्राडिकिनिसिया.
वर म्हणाली, घाबरू नका, वैद्यकातला शब्द आहे.

वैद्यकातला?
बाई, मी एकतीस वर्षं पोथियाहून एम्पोरिओसला बस नेली.
किनिसी म्हणजे रहदारी,
बंदराला बोट लागली की होते ती.
आणि व्राडी म्हणजे संध्याकाळ.
मिर्तिएसच्या वळणावर बसची काच तांबूस होते,
ऊन तेलेंदोस बेटामागे उतरतं, ती वेळ.
फार पूर्वी म्हणे त्याचा अर्थ सावकाश असा होता;
उशीर करता करता
शब्दाचीच संध्याकाळ झाली.

म्हणजे माझ्या बायकोवर आता संध्याकाळ आली आहे,
एवढंच ना?
मग सरळ सांगा.

तिचं नाव स्तामातिया.
सहावी मुलगी. बाप स्पंज काढायला समुद्राच्या तळाशी जायचा,
एकदा वर आला तो कमरेखाली मेलेलाच.
बाप्तिस्म्याच्या दिवशी आजी पाद्र्याला म्हणाली,
हिचं नाव 'थांब' ठेवा, म्हणजे मुली थांबतील.
त्याआधीच सातवी पोटात होती.

आणि ही कसली थांबते!
शाळेत बाई तिला आताक्ति म्हणायच्या, द्वाड.
त्याच घरातला एक शब्द
डॉक्टरच्या कागदावर खालच्या ओळीत आहे,
पुढे प्रश्नचिन्ह.
मला हसू आलं. तीही हसली असावी;
तिचा चेहरा हल्ली हसू पोचवायला वेळ लावतो.

रोज सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी
तिचे पाय फरशीला चिकटतात.
हातात कॉफीचं छोटं भांडं,
वरचा फेस थरथरतो, सांडत मात्र नाही.
ओढायचं नाही, ढकलायचं नाही, असं सांगितलंय.
मी मागे उभा राहतो.
म्हाताऱ्यांना उतरायला वेळ लागतो
आणि हॉर्न मारला तर ती पडतात,
एवढं मला कुणी शिकवायला नको.

मग चौकटीवर दोनदा टकटक करतो,
बसच्या घंटीसारखी,
आणि म्हणतो, फीगामे!
निघालो, असा त्याचा अर्थ.
अजून निघालेलो नसतानाच म्हणायचा असतो.

आज चौथ्या खेपेला
डावा पाय उचलला तिने.
उजवा अजून थांब्यावर.