प्रवेश खुला

पत्रकात चौथ्या ओळीवर छापलंय:
पूर्वशिक्षणाची अट नाही.
ही ओळ मीच टंकली, तीन वर्षांपूर्वी, जेवायच्या सुट्टीआधी, घाईत.
तिच्यावर बोट ठेवून कुणी
इतका वेळ उभं राहील असं वाटलं नव्हतं.

"नाही म्हणजे, काय नाही?"

लूसेआने तुपोउ. वय एकावन्न.
कमरेला ताओवाला, विणलेली चटई,
काथ्याच्या दोरीने घट्ट आवळलेली.
टोंगाची माणसं ती नेसतात चर्चला, मयताला,
नाहीतर राजासमोर जाताना.
ओमारूच्या या दोन खोल्यांच्या कॉलेजात,
जिथे अर्ज आणि बिस्किटाचा फुटका पुडा एकाच टेबलावर असतात,
तिथे ती नेसून आलेली बाई
मी पहिल्यांदाच पाहत होते.

"शाळेचा दाखला नको," मी म्हटलं.
"आई सांगायची, फुकट मिळालं
तर पिशवी तळातून चाचपून घ्यावी."

मग कागद उलटला. अगदीच काही लागत नाही असं नाही.

वय सोळा पूर्ण. (ती हसली, खोकल्यासारखं.)
काविळीची लस. कारखान्यातच टोचलेली,
कार्ड कुठेतरी गेलं, दंड मात्र हा, बघा.
वाकायची, उचलायची, दिवसभर उभं राहायची ताकद.
बावीस वर्षं मेंढ्यांची हाडं सोडवली,
पट्टा सुरू असताना मान वर करायची नाही.
उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत.
"पेन धरता येतं," म्हणाली, "सुरीपेक्षा हलकंच असतं."

पोलिसांचा दाखला.
इथे ती खुर्चीत बसली.
"ऑकलंड. एकोणीस वर्षांची होते.
एक कोट."
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
"थंडीचा होता," तिनेच सांगितलं.

लिहा, म्हटलं, खरं लिहिलं तर बहुधा चालतं.
बहुधा हा शब्द पत्रकात नाही.

शेवटची अट: दीडशे शब्दांत लिहा,
तुम्हाला या कामात का यायचंय.
पंचवीस मिनिटं लागली तिला.
हीटर टकटकत होता.
दाराची स्प्रिंग गेलीय, दक्षिणेचा वारा आला
की ते आपणहून उघडतं, आपणहून आपटतं.
मी दोनदा उठले, एकदा उगीचच.

तिने लिहिलं होतं:

माझ्या भावाचे पाय एका मुलीने धुतले.
ती विशीचीही नव्हती.
पाणी आधी कोपराने पाहिलं.
त्याला तेव्हा काहीच कळत नव्हतं.
तरी पाहिलं.

शब्द मोजले. पुन्हा मोजले.
एकशे तीस कमी.

"अजून थोडं लिहाल?"
कागद तिने डोळ्यांजवळ नेला,
ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला,
परत माझ्यापुढे सरकवला.
"झालं ते एवढंच."

नियम असा, की शंभराच्या आत असेल तर परत पाठवायचं.
गेल्या हिवाळ्यात एका पोराचे नव्वद
मी पाठवले होते.
वर पिवळी चिठ्ठी चिकटवून, बाणाने दाखवून,
कुठे वाढवता येईल ते.
तो पुन्हा आला नाही.

अर्ज पूर्ण: होय / नाही.
पेनाची शाई नेमकी तिथेच अडली,
कोपऱ्यात गिरवून सुरू केली,
आणि होयवर बरोबरची खूण केली.

"सोमवारी नऊला. आणि पाय झाकणारे बूट हवेत."
ही सातवी अट. तिने आपल्या चपलांकडे पाहिलं.
"आहेत की. कारखान्यातले.
पांढरे, रबरी, गुडघ्यापर्यंत."
"तेवढे उंच नकोत."
"पण धुतलेत," ती म्हणाली.

ती गेल्यावर दार आपटलं,
मी उठले नाही.
त्या पोराचं नाव आठवेना.
फाइल मागच्या कपाटात असणार.
पुडा बाजूला सारला
आणि खणात किल्ली चाचपू लागले.