वाळलेल्या बिया

रावेलोनोरोला लिहिता येत नव्हतं.
मानाम्पात्राना स्टेशनात केळी विकायची ती,
फलाटाच्या पार टोकाला, जिथे सावली नसते.
कमरेला डिसेंबरातल्या लिचीच्या बियांची पुरचुंडी.
शिपायांनी भरलेला डबा गेला की एक बी बाजूला.
बंदुकांच्या पेट्या असल्या तर दोन.
अधिकारी असला तर अर्धी, दातांनी फोडून.

रात्री भाऊ जंगलातून यायचा.
ती चुलीपुढे बिया ओतायची,
तो मोजायचा, भात न खाताच उठायचा.

सत्तेचाळीसचा मार्च.
मांत्रिकानं भाल्यांवर पाणी शिंपडलं, म्हणाला,
ओरडा, "रानो!" फिरंग्यांच्या गोळ्यांचं पाणी होईल.
मालागासीत रानो म्हणजे पाणी.
मला मात्र दर वेळी रानच ऐकू येतं:
पोरं रान, रान ओरडत रानातून बाहेर पडलेली
आणि गोळ्या
गोळ्याच राहिलेल्या.

भाऊ पुलापाशी पडला, की नदीत, की पुढे भुकेनं,
तीन माणसांनी तीन जागा सांगितल्या.
तिनं केळ्यांच्या पैशांतून एकच दगड उभा केला,
तिन्हींकडे तोंड करून.

पण ते नंतर. आधी तिला धरलं.
"हे काय?"
"बिया."
"कशाला?"
"लावायला."
लिचीची बी वाळली की रुजत नाही,
हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक.
फ्रेंच सार्जंटला नव्हतं.
दुभाष्याला होतं. रामारोलाही त्याचं नाव.
त्यानं शब्दाला शब्द लावून दिला
आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.
तीन वर्षांवर भागलं.

साठ साली झेंडा बदलला.
कचेरीतला कारकून आता आपलाच होता.
"पुरावा?" त्यानं विचारलं, आपल्याच भाषेत.
तिनं पुरचुंडी सोडली.
त्यानं अर्जावरच्या बिया हातानं सारल्या,
एक टेबलाखाली घरंगळली.
ती वाकून शोधत बसली बराच वेळ.
रांगेतली माणसं वैतागली.

दर डिसेंबरात कुणीतरी पहाटे
तिच्या उंबऱ्यावर लिचीची टोपली ठेवून जायचं.
कोण, ते ती ओळखून होती. बोलली कधीच नाही.
दुपारभर खायची,
आणि अंधार पडला की रामारोलाहीच्या कुंपणापलीकडे
बिया भिरकावून यायची.
ओल्या.

आता आठ झाडं आहेत तिथे.
त्याचे नातू सांगतात,
पाखरांनी लावली.