एक की दोन

सीपीआरच्या अपघात विभागात
रात्री अडीच वाजता
मी केसपेपरची यू-पिन उलगडते,
दोन टोकं शेजारी शेजारी आणते,
मध्ये पाच मिलिमीटर.
स्पिरिटनं पुसते.

सायरा मुल्लाणी, वय सव्वीस, शिवणकाम.
काचेच्या दारातून उजवा हात आरपार गेलाय.
भाऊ उंबऱ्याशी चुळबुळतोय,
"रगत थांबलंय की आता.
टाकं घाला बिगीनं, पिनांचा खेळ कशाला?"
सिस्टर भुलीचं इंजेक्शन भरून उभ्या.
थांबा, म्हणते मी.

डोळे मिटा, सायरा.
सांगा, एक की दोन?

"शीर तर न्हाई न्हवं तुटली?"
त्याला रक्ताची म्हणायचीय.
आपल्या बोलीत रक्ताचीही शीरच
आणि जाणिवेचीही शीरच;
पहिली तुटली की फरशी सांगते,
दुसरी तुटली की
कुणीच काही सांगत नाही.

पलीकडच्या खाटेवर शिये फाट्याहून आणलेला पोरगा.
दंडाचं हाड मोडलंय, एक्स-रे खिडकीला लावलाय,
सगळे त्या हाडाकडं बघतायत.
मनगट खाली लोंबतंय.
वर उचल, असं त्याला
अजून कुणी म्हटलेलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी, हेच टेबल.
हुपरीचा धनपाल मगदूम,
घुंगरं डाखणारा.
चांदीच्या पत्र्यानं मनगट कापलेलं,
जखम दोन इंच, स्वच्छ.
बाहेर उलटलेल्या वडापची आठ माणसं ओरडत होती.
मी आधी भूल दिली,
मग विचारलं, बोटं हलतात?
हलली.
"बधिर वाटतंय," तो म्हणाला.
भुलीमुळं, मी म्हणाले.
पाच टाके. फार सुरेख आले होते.
दहा दिवसांनी काढायला या.

दहा दिवसांनी टाके दुसऱ्याच कुणीतरी काढले.
तो माझ्याकडं आला दोन महिन्यांनी,
तर्जनीवर फोड घेऊन.
चहाचा पेला गरम होता, म्हणे.
फोड दिसल्यावर कळलं त्याला.

मिरजेत जोडली ती. उशिराच.
नंतर एकदा गेले हुपरीला,
भाचीला पैंजण घ्यायचं निमित्त करून.
तो आता काट्यावर बसतो, वजनं करतो.
बोलता बोलता एक घुंगरू उचलायला गेला,
नजर माझ्याकडं,
चिमटीत दोन आली.
"बघून उचलावं लागतंय," म्हणाला,
आणि एक परत ठेवलं.
मजुरी घेईना.
मी ठेवून निघाले तर
मागनं हाक मारली, सुट्टे घेऊन जावा म्हणून.
डाव्या हातानं मोजून दिले.

करंगळी?
"दोन."
अनामिकेची बाहेरची कड?
"दोन."
त्याच बोटाची आतली कड?
"...एकच हाय बहुतेक."
एकाच बोटात गावाची शीव असावी तसं.
तर्जनी?

मी पिन दाबून धरलीय,
कातडी पांढरी पडलीय.
सायरा वाट बघते.
मग म्हणते,
"लावा की मॅडम."

भाऊ गप्प झाला.

आता भूल नाही, आधी कागद.
मी वेळ घालून लिहिते, दोन वाजून बावन्न मिनिटे,
आणि झोपलेल्या सर्जनला उठवते.
जोडता येईल, सांगते तिला.
ती वाढते दिवसाला एक मिलिमीटर,
तेही तिच्या मर्जीनं.
मनगटापासून बोटाच्या शेंड्यापर्यंत
एक सबंध पावसाळा आणि वर दिवाळी.
मध्येच मुंग्या येतील. घाबरू नका,
आल्या तर मला कळवा.
आणि न्हाई आल्या तर?
हे तिनं विचारलं नाही.
तिनं विचारलं,
सुईत दोरा डाव्या हातानं ओवता येतो का.

मग मी पलीकडच्या खाटेकडं गेले.
मनगट वर उचल, म्हटलं.

सकाळी पार्किंगमध्ये
खिशात गाडीची किल्ली चाचपताना
काहीतरी टोचलं.
बघितलं नाही.
दोन, म्हटलं मोठ्यानं.
रखवालदार म्हणाला, काय मॅडम?