पान सत्तावीस

कौटुंबिक न्यायालयात मी टंकलेखक आहे.
अर्जदार विरुद्ध गैरअर्जदार,
खाली मुलं किती, पाटल्या किती तोळ्यांच्या,
गॅसची शेगडी कोणाच्या माहेरची.
दोनच्या आत सहा संसार टाइप होतात,
दोन ओळींत अंतर सोडून, तीन प्रतींत.

मग डबा. डब्याला टेकून पुस्तक,
बोकडेकाकांच्या वाचनालयातलं,
खाकी कव्हर, पाठीवर चुन्यासारख्या शाईने ११४३.

यातलं गाव लहान असतं. नेहमीच.
नदीला उन्हाळ्यातही पाणी असतं
(नाग नदीचा पूल मी रोज नाक दाबून ओलांडते).
एक एसटी स्टँड, एक दवाखाना, बदलून आलेली मास्तरीण
आणि रोपवाटिकेतला तो, कमी बोलणारा,
ज्याच्या नखांतली माती तिला आधी आवडत नाही.
पान चाळीसपर्यंत भांडण, शंभरला तिला ताप,
तो मऊ खिचडी घेऊन दारात उभा.
एकशे साठला गैरसमज होतो,
इतकुसा, की आमच्याकडे त्याला
तारीखसुद्धा मिळायची नाही.

डहाकेबाई म्हणतात, "काहून वं, तेच ते वाचून राहिली?
शेवटी काय होते ते माहीत तर असते!"
असते ना.
सकाळपासून माझ्यासमोर बसलेल्यांपैकी
एकाला तरी माहीत होतं का?

पण खरं सांगायचं तर गोड म्हणूनही नाही.
त्या गावात मास्तरीण खोली बघायला जाते
आणि घरमालकीण विचारते, चहा घेशील की सरबत?
पुढचा प्रश्न येतच नाही.
मी नोकरीला लागले तेव्हा रिंग रोडच्या अलीकडे
अकरा खोल्या बघितल्या होत्या.
"मेश्राम म्हणजे?" असं विचारून झालं
की किल्ली भावाकडे राहिलेली असायची,
आणि भाऊ अमरावतीला.
लिहिणाऱ्याला तो प्रश्न सुचला नसेल,
किंवा सुचला आणि त्याने गाळला, मला काय करायचंय.
अशा विसरभोळ्या गावात
मला रोज वीस मिनिटं भाड्याने राहता येतं.

वाचनालयात एक रिवाज आहे, पाटीवर नसलेला.
वाचलेलं पुस्तक चुकून परत घरी येऊ नये
म्हणून जो तो पेन्सिलीने आपली खूण करतो.
कोणाची चांदणी, कोणाचा "वि".
माझी, सत्तावीसच्या आकड्याभोवती गोल.
हल्ली मी उलटं करते. काका शिडीवर,
कूलरचे शिंतोडे उडू नयेत म्हणून कपाटावर पोतं,
आणि मी उभ्या उभ्या पान सत्तावीस काढते.
गोल असला तरच नेते.
काही पानांवर माझे तीन-तीन गोल आहेत,
जुन्या झाडाच्या खोडासारखे.

यंदा मे महिन्यात एका गोलाच्या आत
टिंब सापडलं. माझं नव्हे.
दुसऱ्या पुस्तकातही. मग ११४३ मध्येही.
कोणीतरी माझ्या मागून मागून वाचत होतं.

रजिस्टर बघायला नको होतं, पण बघितलं:
रा. वि. ढेंगळे. वरच्या मजल्यावरचे समुपदेशक,
जे जोडप्यांना पंधरा वर्षं सांगताहेत,
"एकदा विचार करून बघा," आणि जोडपी
जिन्यावरच वेगवेगळी उतरतात.

काल ते डब्याच्या वेळी खाली आले.
पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे नाही.
"खिचडीपर्यंत आलात?"
"नाही सर, अजून भांडणच चालू आहे."
"वाचा सावकाश. मला घाई नाही."

एवढंच. ते गेले, मी बोटं धुतली.
पुढचं काही असेल तर ते
कोणी कादंबरीवाला बघेल.
तीनच्या तारखेची बाई दारातून वाकून विचारत होती,
शेगडीचं लिहिलं का?
लिहिलं म्हटलं. दोन बर्नरची, बरोबर ना?