मुदत

अर्कान्सामधल्या चिकन-प्लांटची रात्रपाळी संपवून
देल्मी सिंकपाशी हातांना लिंबू चोळतेय.
वास जात नाही.
टीव्हीवर विधेयक.
एकाच कागदात दोन्ही:
तिला आणखी अठरा महिने,
आणि नदीकाठी कॅमेरे, ड्रोन, कुंपण, शिपाई
(आकडा एवढा लांब
की निवेदिका मध्येच श्वास घेते).

"म्हणजे आपण राहणार?" धाकटा विचारतो.
तो इथलाच, जन्मदाखल्यासकट.
त्याला मुदत नाही.

गेल्या महिन्यात घेतलेल्या फ्रिजची
वॉरंटी दहा वर्षांची.
निर्धास्त राहा बाई, म्हणाला होता दुकानदार.
ती हसली.
त्याला वाटलं, किमतीला हसली.

वीस वर्षं झाली तात्पुरतं राहून.
बोटांचे ठसे बारा वेळा दिले.
तेराव्या वेळी यंत्र म्हणालं, रेषा दिसत नाहीत.
सुरी, बर्फ, क्लोरीन;
कुठल्या पाळीत पुसल्या कोण जाणे.
शेवटी अंगठा तेवढा उमटला, अर्धवट.

मतदान उद्यावर गेलं.
देल्मी टीव्ही बंद करते,
फ्रिज उघडते,
दुधावरची तारीख बघते,
अजून चार दिवस आहेत,
आणि पोराचा डबा भरायला घेते.